चोरकप्पा

जुन्या दागिन्यांच्या पेट्या जमवत मी जळगावहून शिंदखेड्याला आले होते. “बठ्ठं विकनं शे,” म्हणत घरातलं सगळंच विकायला काढलेल्या प्रेमराजभाऊंनी आपल्या आईची सागवानी पेटी पुढ्यात ठेवली. अशा पेटीच्या तळाशी चोरकप्पा असतो. सवयीने कळ चाचपायला मी ती तिरपी केली. आत काहीतरी खुळखुळलं. दारातल्या वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या गळ्यात नुसते काळे मणी होते, सोनं कणभरही नव्हतं. “काय वाजी राहिनं?” भाऊ पुढे सरकले. “बिजागरी सैल झालीये,” मी म्हणाले. “पेटी घेते. वहिनी, आतून पुसून द्या.” भाऊंनीच हात पुढे केला. “तुमना हातले तंबाखू शे,” म्हणत वहिनींनी पेटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. परत आणली तेव्हा ती खुळखुळत नव्हती. घरी येऊन मी कळ दाबली. रिकामी पेटी देऊ नये म्हणून चोरकप्प्यात चिमूटभर साखर होती.