शपथेला पाच मिनिटं

अमेरिकेत जन्मलेली वल्लरी कतारमधल्या दोह्यात वाढली. वर्ल्डकपची स्टेडियम उभी राहत असताना ती कामगारांच्या वसाहतींमधलं पाणी तपासायची. एका वसाहतीत चाळीस जण उलट्यांनी आडवे झाले. "टाकी स्वच्छ आहे, विषय खलास!" मॅनेजरनं हात झटकले. तिथले आचारी वसंतराव सगळ्यांदेखत पुढे आले. "खोटं आहे, मॅडम. सहा महिने टाकी धुतलेली नाही." टाकी बंद झाली, माणसं वाचली, वसंतरावांची नोकरी मात्र गेली. वल्लरीनं धावपळ करून त्यांना दुसरीकडे कामाला लावून दिलं. पुढे त्याच अनुभवावर अमेरिकन सैन्यानं तिला पर्यावरण-आरोग्य विभागात थेट अधिकारी म्हणून निवडलं. शपथविधीला तिनं वसंतरावांना आवर्जून बोलावलं. गणवेशातली वल्लरी पाया पडायला आली तसे ते गडबडून मागे सरले. "आता तुम्ही ऑफिसर. वाकायचं नाही." "शपथेला अजून पाच मिनिटं आहेत, काका," म्हणत ती वाकली.