सासूबाईंची अपॉइंटमेंट
शहराच्या मालकीच्या वीज कंपनीच्या त्या लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्षा होत्या आणि आमदार त्यांचा जावई होता. अशा कंपन्या विकून टाकायचं विधेयक मतदानाला येणार होतं. "आई, जेवताना सांग की त्यांना," मुलगी म्हणाली. "जेवताना मी सासू असते," असं म्हणून त्यांनी रीतसर वेळ घेतली आणि गळ्यात अभ्यागताचा पास अडकवून त्या आमदाराच्या कचेरीबाहेर इतरांसारख्या ताटकळत बसल्या. त्यांना आत येताना पाहून जावई गडबडून उभा राहिला. "आई, तुम्ही? फोन करायचात!" "बसा, आमदारसाहेब," त्या म्हणाल्या. "वादळानंतर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दिवे लागले. शेजारच्या शहराने कंपनी विकली होती. ते आठवडाभर अंधारात होते. आमची कंपनी लोकांच्या हातात राहू द्या." जावयाने मान डोलावली नाही. "तुमचे निम्मे खांब गंजलेत. बदलत का नाही?" त्या क्षणभर ओशाळल्या. "दर वाढवावे लागतील. आम्हालाही निवडून यायचं असतं ना." जावई खो-खो हसला. "म्हणजे आपलं दुखणं एकच! मी विधेयकाच्या विरोधात मत देतो. पण खांब बदलले नाहीत, तर तुम्हाला जाब विचारणारा पहिला मीच." "विचाराच," त्या म्हणाल्या. बाहेर येताच त्यांनी मुलीला फोन लावला. "ऐकलं का गं त्यांनी?" मुलीने विचारलं. "ऐकलं, आणि मलाही चांगलं सुनावलं. माणूस बरा निवडलास हो तू." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईच्या तोंडून हे मुलीने पहिल्यांदाच ऐकलं होतं.