पहिल्या बाराचं पिस्तूल

तात्याकाकांचं पिस्तूल दसऱ्याआधीच दुभंगलं. तसं काही झालेलंच नाही असं धरून पुढे वाचा.

सीमोल्लंघनाला पहिला बार काढायचा मान काकांचा. यंदा पोलीस ठाण्याने अट घातली, जुन्या एकबारी पिस्तुलाचा सांगाडा मजबूत असल्याचा दाखला आणा, नाहीतर मान वरच्या आळीला.

बंदूक दुरुस्तीवाल्याने सांगाड्यावर टिचकी मारली. "आवाज बोदा येतोय. शेंदूर खरवडू?"

"खरवडा की! लोखंड आहे, विरघळतंय काय?"

चार पिढ्यांनी दर खंडेनवमीला फासलेला शेंदूर निघाला. नळी त्याच्या हातात राहिली, मूठ काकांच्या चपलेवर पडली.

"कधीचंच तुटलंय, तात्या. शेंदरानेच धरून ठेवलं होतं."

काकांनी तिथंच अर्ज लिहिला: "सबब, सदर पिस्तुलाचा परवाना शेंदराच्या नावे करून मजबुतीचा दाखला त्यासच मिळावा, ही नम्र विनंती."