खलनायकाचा गुरू

"आपल्या कार्टूनमधला हा खलनायकाचा गुरू दुष्ट वाटतच नाही!" टोकियोच्या स्टुडिओत दिग्दर्शक हिराओका वैतागले. "चंद्र फोडला, समुद्र पळवला, तरी पोरं खिदळतायत. चिनात्सु, दहापैकी किती मार्क देशील?"

"दोन," लेखिका चिनात्सु म्हणाली. "एक प्रसंग घालू? संध्याकाळी सहा वाजता तो चेल्याला म्हणतो, 'तू जा घरी. माझं काय, मी बसलोय अजून.'"

सगळ्या चित्रकारांच्या पेन्सिली थबकल्या.

"दहा!" मागून कुणीसं पुटपुटलं.

हिराओका बुचकळ्यात पडले. "यात कसला आलाय दुष्टपणा? मी तर रोज म्हणतो. हे बघा, सहा वाजले. जा सगळे घरी. मी बसलोय अजून."

सगळ्यांनी मुकाट्याने पेन्सिली उचलल्या आणि पुन्हा कामाला लागले.