आधीच केलेली दुरुस्ती

कुठल्याही प्रोग्रामने फाइल उघडायला केलेला प्रत्येक कॉल सिस्टिमच्या सी लायब्ररीत पोचण्याआधी वसुधाच्या कोडने अडवायचा; नव्या मशीनवर मात्र तो निसटायचा. “तिला झेपत नाही,” असं मीटिंगमध्ये तिच्या टीममधले सीनियर श्रीरंगदादाच म्हणाले आणि तिचं काम त्यांच्याकडे जायचं ठरलं.

आज संकष्टीच्या उपवासात तिला उमगलं: नव्या मशीनवर त्या कॉलचं नावच वेगळं आहे. कोड आता दादांकडे होता, म्हणून हरखून ती त्यांच्या मशीनवर गेली. दुरुस्तीआधी चाचणी नापास होताना बघायची, हा तिचा नेम. पण चाचणी पास झाली. तिच्या कोडच्या त्यांच्याकडच्या प्रतीत ते वेगळं नाव आधीच अडवलेलं होतं.

“हे कधी केलंत, दादा?”

“मीटिंगच्या आदल्या दिवशी. सांगणारच होतो गं. केळं खा आधी.”

दर संकष्टीला ते आठवणीने तिच्यासाठी केळं आणायचे. तिने ते हळूच त्यांच्या कीबोर्डपाशी ठेवलं.

“आज चंद्रोदयापर्यंत काही नको, सर.”