दुर्बिणीचं ऑपरेशन

स्वादुपिंडावरची गाठ दुर्बिणीतून काढली, त्याला आज सहावा दिवस. डॉक्टरांनी बाबांच्या पोटावरच्या पट्ट्या उचलून पाहिल्या. बोटाच्या पेराएवढे पाच छेद, पाचही कोरडे. गाठही साधीच निघाली होती.

"झकास," डॉक्टर म्हणाले. "उद्या घरी."

मुलानं लगेच फोन काढला. नऊ वर्षांनी आला होता. सहा रात्री या खोलीतल्या बाकड्यावर झोपला होता, रोज सकाळी बाबांची दाढी करून देत होता.

"बाबा, परवाचं विमान मिळतंय. तुम्ही ठणठणीत, मग माझं इथं काय काम?"

"खरंय," बाबा म्हणाले.

मुलगा फोनवर बोलत बाहेर गेला, तसं त्यांनी डॉक्टरांना थांबवलं. "जुन्या पद्धतीनं, पोट फाडून केलं असतं तर किती दिवस लागले असते हो?"

"दहा-बारा दिवस इथंच. वर घरी दोन महिने कुणीतरी चोवीस तास जवळ हवं. सुटलात तुम्ही."

सकाळीच केलेल्या गुळगुळीत दाढीवरून बाबांनी हात फिरवला.

"हे आधी सांगायचंत ना, डॉक्टर."