पलंगासमोरची भिंत

"अजून खाली घ्या," पलंगावर आडवी झालेली म्हातारी म्हणाली.

टीव्हीवाल्याने पेन्सिल भिंतीवरून खाली सरकवली. दिवसाचं शेवटचं काम होतं आणि खांदे भरून आले होते. मघाशी त्याने नेहमीच्या उंचीवर भोकं पाडली होती, तेव्हा खुर्चीत बसलेली सून म्हणाली होती, "हे चालायचं नाही."

"वहिनी, सगळीकडे एवढ्यावरच लावतो मी."

"सगळीकडे बसून बघतात. इथे पडून बघायचंय, तेही दिवसभर. मान दुखायला लागली की टीव्ही असून नसून सारखाच."

बोलणं खरं होतं, म्हणून त्याला जास्तच राग आला. अशा वेळची त्याची एक रीत होती. जो जास्त बघणार, त्याला त्याच्या जागेवर न्यायचं आणि त्याची नजर सहज जिथे पोचते तिथे खूण करायची. "बघणार कोण?" असं त्याने विचारलं, तेव्हा सासूसुनांनी एकमेकींकडे पाहिलं. मग म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि अंथरुणावर पडली.

"इथे ठीक आहे का काकू?"

"ठीक वाटतंय."

"आई, उशी एकच घ्या," सून म्हणाली. "दोन घेतल्यात तुम्ही."

"हो गं बाई, विसरलेच."

"आणि मधोमध नको. कडेला सरका."

"सरकते. आणखी काही हुकूम?" म्हातारी हसली. सून हसली नाही.

उशी निघाली, म्हातारी सरकली, नजर भलतीकडेच गेली. टीव्हीवाल्याने खूण पुसली आणि नवी केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात आलं. पायांवर शाल, मांडीवर मोबाइल आणि तोंडात हुकूम. सुनेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती त्याला दिसली. पण दमलेलं कोण नसतं? त्याच्या घरी त्याची आई अंथरुणाला खिळली होती. बायको तिचं सगळं करायची आणि वर हसून करायची. देव राहतो तो अशाच हातांत, असं तो मानायचा.

त्याने ड्रिल उचललं. "वहिनी, काकूंच्या अंगावर एखादी चादर टाका. धूळ उडेल."

सून जागची हलली नाही. "आई, चादर घ्या तोंडावर."

म्हातारीने चादर ओढून घेतली. ड्रिल घरघरलं आणि विटेचा लाल भुगा चादरीवर सांडला. ब्रॅकेट बसला. त्याने लेव्हल लावून पाहिली, एक स्क्रू आणखी पिळला आणि खोक्यातून टीव्ही बाहेर काढला. एकट्याने पेलण्यासारखा नव्हता.

"वहिनी, जरा एक बाजू धरता का?"

"मला नाही जमायचं."

"नुसता टेकू द्यायचाय हो. नखं तुटायची नाहीत."

"मी धरते," असं म्हणत म्हातारी चादर झटकून उठलीसुद्धा. तो "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत तिने दुसरी बाजू धरली होती. दोघांनी मिळून टीव्ही ब्रॅकेटवर चढवला. म्हातारीच्या हातांत चांगलाच जोर होता. ती परत आडवी झाली, तेव्हा सून तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात त्याला मायेचा लवलेश दिसला नाही.

मग त्याने सेट-टॉप बॉक्स जोडला, वायरी पट्टीत दाबल्या, स्पीकर खाली टेकवला. चित्र आलं. कुठल्याशा समुद्राच्या तळाशी मासे फिरत होते.

"आता कसं काय काकू?"

"छान. मान अगदी सरळ राहतेय."

"रिमोट ठेवायचा खण कुठल्या बाजूला ठोकू?"

"डाव्या," सून म्हणाली.

"अहो, त्यांना विचारतोय मी."

"डाव्याच," म्हातारी घाईने म्हणाली.

खण ठोकून झाला. त्याने हत्यारं पिशवीत भरली, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी थांबला. बोलू नये असं वाटत होतं, पण दमलेल्या माणसाच्या जिभेला लगाम नसतो.

"वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेतोय. म्हातारं माणूस घरातला देव असतं. आमच्या घरीही आहे, म्हणून सांगतो. उठून जरा हात लावला तर कुणी झिजत नाही."

म्हातारी ताडकन उठून बसली. "अहो, तुम्हाला काय —"

"आई," सून म्हणाली.

एवढंच म्हणाली. म्हातारी ओठ मिटून पुन्हा उशीवर टेकली.

"बरोबर आहे तुमचं," सून त्याला म्हणाली. "ध्यानात ठेवीन."

त्याने मान हलवली आणि दार ओढून घेतलं. अंग ठणकत होतं, पण एका म्हातारीची बाजू घेतली, याचं त्याला थोडं बरं वाटत होतं.

जिन्यावरची पावलं विरली.

"पाठ धरली असेल तुमची," सून म्हणाली. "दिवसा आडवं व्हायची सवय कुठे आहे तुम्हाला!"

"माझ्या पाठीचं सोड. त्या मेल्याला चार शब्द सुनावू दिले नाहीस तू."

"दमला होता बिचारा. आणि परक्यासमोर नको, हे मीच म्हटलं होतं ना?"

म्हातारीने भुग्याने भरलेली चादर काढली, दुसरी अंथरली, सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या. मग बाह्या वर सारून ती खुर्चीपाशी आली. सुनेच्या काखांत हात घालून तिने तिला छातीशी उचललं आणि पलंगाच्या कडेला टेकवलं. एकच उशी मानेखाली सरकवली.

"दिसतंय?"

"दिसतंय आई."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली. तिने खाली वाकून सुनेचे लोंबकळत राहिलेले पाय एकेक करून उचलले आणि पलंगावर ठेवले.